झेलियांगरोंग नागा : नामविचार व प्रमाणविचार

(१)

भारताच्या ईशान्य सीमेवरील नागा लोकांसंबंधीं मराठींत जें थोडेंबहुत लिहिलें जातें, त्याचा प्रारंभ बहुधा एकाच ठिकाणाहून होतो. लेखक प्रथम ‘नागा’ हा शब्द घेतो, त्याचें ‘नाग’ या संस्कृत शब्दाशीं साम्य दाखवितो, तेथून महाभारतांतील उलूपीकडे जातो, उलूपीवरून चित्रांगदेकडे व चित्रांगदेवरून मणिपुराकडे येतो. आणि वर्तुळ पुरें झालें असें समजून लेखणी खालीं ठेवतो. ज्या लोकांविषयीं हें सारें लिहावयाचें, ते स्वतःस काय म्हणवितात, त्यांची भाषा कोणती, त्यांच्या आठवणी काय सांगतात, त्यांची जमीन कोणी व कशी घेतली, हे प्रश्न त्याच्या मनांत उद्भवतच नाहींत. हा दोष दुसऱ्यांच्या पदरीं बांधून आम्ही मोकळे होऊं इच्छीत नाहीं. शिक्षकाच्या पेशांत असतांना उलूपीचें आख्यान शिकवितांना आम्हीही नकाशावरील नागा टेंकड्यांकडे छडी दाखवीत असूं. किती वर्गांना ही चूक आमच्या तोंडून शिकविली गेली, याची गणती आतां करतां येत नाहीं. प्रस्तुत लेखाचें एक प्रयोजन तें आहे.

परीक्षेसाठीं सर्व नागा समाज एकदम घेणें योग्य नव्हे. नागा हें अनेक भाषांच्या व अनेक आचारांच्या लोकांस मिळून पडलेलें नांव आहे. त्यांपैकीं एकच समाज आम्ही येथें घेतों. तो म्हणजे झेमे, लियांगमै व रोंगमै या शाखांचा, ज्यांत इनपुई यांचीही गणना करण्यांत येते. ‘झे’, ‘लियांग’ व ‘रोंग’ हीं तीन आद्याक्षरें जोडून ‘झेलियांगरोंग’ हें समाईक नांव सिद्ध झालें. यांची वस्ती मणिपुरांतील तामेंगलोंग व नोनी या जिल्ह्यांत, नागालँडांतील पेरेन जिल्ह्यांत आणि आसामांतील पूर्वींच्या उत्तर काचार टेंकड्यांत, म्हणजे ज्या जिल्ह्यास २०१० सालीं दिमा हसाओ हें नांव मिळालें त्यांत, पसरलेली आहे. रोंगमैंचीं कांहीं गांवें इंफाळच्या खोऱ्यांत व काचारच्या सपाटींतही आहेत. एकाच समाजाचे तीन राज्यांत असे वांटे पडलेले असल्यामुळें, नांव, लेख आणि सत्ता यांचा परस्परसंबंध येथें जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

(२)

प्रथम ‘नागा’ या शब्दाचाच विचार करूं. याच्या व्युत्पत्तीविषयीं निदान पांच पक्ष मांडण्यांत आले आहेत. ‘नाग’ म्हणजे सर्प किंवा सर्पकुलांतील लोक, हा पहिला. ‘नग’ म्हणजे पर्वत, त्यावर राहणारा तो ‘नाग’, हा दुसरा. ‘नग्न’ शब्दापासून ‘नागा’, हा तिसरा. कान टोंचलेले असा अर्थ देणाऱ्या एका ब्रह्मी शब्दापासून, हा चौथा. आणि पूर्वेकडील कांहीं जमातींच्या भाषांत लोक या अर्थीं येणाऱ्या ‘नोक’ या शब्दापासून, हा पांचवा.

दुसरा पक्ष व्याकरणास धरून आहे. नगावर राहणारा तो नाग, ही व्युत्पत्ति कोणासही करतां येईल. परंतु व्याकरणानें शब्द साधतां येतो एवढ्यावरून तो शब्द त्याच अर्थीं त्या लोकांस लागला असें ठरत नाहीं. त्यासाठीं प्रयोग दाखवावा लागतो. ईशान्येकडील पर्वतवासी या अर्थीं ‘नाग’ शब्दाचा असंदिग्ध प्रयोग या पक्षाच्या पुरस्कर्त्यांनीं पुढें केलेला नाहीं.

तिसऱ्या पक्षास आधार अधिक जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील भूगोलकार टॉलेमी यानें गंगेपलीकडील प्रदेश वर्णितांना ‘नंगलोगै’ असें एक नांव देऊन त्याचा अर्थ नग्न लोकांचा प्रदेश असा सांगितला आहे. हा ‘नग्नलोक’ शब्दाचाच अपभ्रंश, हें उघड दिसतें. ‘नग्न’पासून ‘नागा’ होणें आम्हां मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. ‘नागडा’, ‘नागवा’ हे शब्द आपल्या तोंडीं आहेत, आणि नागे गोसावी यांचें नांवही याच शब्दावरून आलें असें मानितात. तथापि टॉलेमीचें तें स्थळ आजच्या नागा टेंकड्यांतच होतें असें म्हणण्यास त्याचे रेखांश व अक्षांश पुरेसे विश्वसनीय नाहींत. वस्त्र न वापरणारे लोक असें परकीयानें म्हणणें हें एकाच जमातीस लागू पडेल असेंही नाहीं.

येथें एका प्रचलित युक्तिवादाची परीक्षा करणें अवश्य आहे. असमिया भाषेंत हा शब्द ‘नगा’ असा, म्हणजे पहिला स्वर ऱ्हस्व ठेवून, लिहिला जातो. त्यावरून कित्येक म्हणतात कीं ज्या अर्थीं स्वर ऱ्हस्व आहे त्या अर्थीं ‘नाग’ शब्दाशीं याचा संबंध नाहीं. निर्णय कदाचित् खरा असेल, परंतु हेतु लंगडा आहे. असमियांत पुढें आकार आला असतां मागील आकार ऱ्हस्व होतो, हा त्या भाषेचा स्वभावच आहे. ‘राजा’ शब्दाचें तेथें ‘रजा’ असेंच रूप होतें. तेव्हां ‘नागा’चें ‘नगा’ होण्यास प्रत्यवाय नाहीं, आणि ‘नग’ शब्दावरून ‘नगा’ म्हणण्यासही नाहीं. एकाच रूपापासून दोन्ही पक्ष साधतात. म्हणून तें रूप कोणत्याच पक्षाचें प्रमाण होऊं शकत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. या पांच पक्षांपैकीं कोणताही सिद्ध झाला तरी तो बाहेरच्यांनीं दिलेल्या नांवाचा इतिहास होईल, त्या लोकांचा नव्हे. पाटकाई पर्वत ओलांडून इ. स. १२२८ च्या सुमारास आसामांत उतरलेल्या आहोमांच्या बुरंजींत डोंगरांतील लोकांस ‘नगा’ म्हटलेलें आढळतें. इंग्रजांनीं तोच शब्द उचलला. पुढें त्या लोकांनीं स्वतः तो स्वीकारला. १९१८ सालीं कोहिमा येथें ‘नागा क्लब’ स्थापन झाला व १९२९ च्या जानेवारींत सायमन कमिशनापुढें जो अर्ज ठेवण्यांत आला त्यावर २० जणांनीं सह्या केल्या, त्या नागा म्हणूनच केल्या. परक्यानें दिलेलें नांव स्वतःच्या इच्छेनें घेतलें जातें त्या दिवसापासून तें स्वकीय होतें. ‘हिंदु’ हा शब्द आपण कोणाकडून घेतला, हें आठवलें म्हणजे यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

(३)

उलूपीच्या कथेकडे वळूं. आदिपर्वांत उलूपी ही कौरव्य नामक नागाची कन्या. तिनें अर्जुनास जळांत ओढून नेलें तें गंगाद्वारीं, म्हणजे हरिद्वारीं. गंगाद्वारापासून नागा टेंकड्या किती दूर, हें कोणताही नकाशा सांगेल. तेव्हां उलूपीस पूर्वेकडे नेण्यास कथेंत कांहींच आधार नाहीं. केवळ शब्दसाम्यानें तिला तेथें नेलें गेलें आहे.

चित्रांगदेच्या बाबतींत प्रश्न जरा सूक्ष्म आहे. प्रचलित पाठांत अर्जुन ‘मणिपूर’ नांवाच्या नगरीं गेला असें आहे. परंतु त्याचा मार्ग पाहावा. कलिंग देश ओलांडून, महेंद्र पर्वत पाहून, समुद्रतीरानें चालत तो त्या नगरीस पोहोंचला. आजच्या मणिपुरास समुद्र नाहीं, आणि महेंद्र पर्वत ओलांडून तेथें जाण्याची वाटही नाहीं. पुणें येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादकत्वाखालीं आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति १९३३ सालीं पुरी केली. तींत हस्तलिखितांच्या तुलनेनें निश्चित केलेला पाठ ‘मणिपूर’ असा नसून ‘मणलूर’ असा आहे. म्हणजे ज्या शब्दावर एवढी इमारत उभारली, तो शब्दच मूळ पाठांत टिकत नाहीं. आमच्या चुकीचें निरसन याच एका पाठभेदानें झालें. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांच्या कष्टांचें मोल आम्हांस त्या दिवशीं कळलें, तितकें पूर्वीं कधीं कळलें नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, मणिपूरचे राजे स्वतःस बभ्रुवाहनाचे वंशज म्हणवीत, त्याची वाट काय? याचें उत्तर असें कीं, तो संबंध अठराव्या शतकांतील वैष्णव धर्मस्वीकारानंतर दृढ झाला. पामहैबा ऊर्फ गरीबनवाज (कारकीर्द १७०९ ते १७४८) याच्या काळीं मैतेई राजकुलानें हिंदु धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. त्यापूर्वीं त्या देशास तेथील लोक कांगलैपाक, मैतेई लैपाक अशा नांवांनीं ओळखीत. राजकुलाची ही इच्छा आदरणीय असेल, आणि ती स्वतः एक ऐतिहासिक घटना आहेच. परंतु ती अठराव्या शतकाची घटना आहे, महाभारतकालाची नव्हे. शिवाय ती मैतेई राजकुलाची आहे. सभोंवतालच्या डोंगरांतील रोंगमै किंवा लियांगमै यांची तर मुळींच नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं महाराष्ट्राच्या वसाहतकालाचा विचार करतांना नाग लोकांस महत्त्वाचें स्थान दिलें, हें आमच्या वाचकांस विदित आहे. तो विचार स्वतंत्र परीक्षेचा विषय आहे. येथें एवढेंच म्हणावयाचें कीं, दक्षिणेंतील प्राचीन नाग व पाटकाईलगतचे नागा यांस एका सूत्रांत ओंवण्यास शब्दाखेरीज दुसरें सूत्र कोणीं दाखविलेलें नाहीं. आणि शब्द हें सूत्र किती तकलुपी आहे तें वर आलेंच आहे.

(४)

पौराणिक पद्धतीवर टीका केली म्हणून सरकारी पद्धति निर्दोष ठरते असें नाहीं. झेलियांगरोंग समाजाविषयींचे जे इंग्रजी लेख आहेत, त्यांत सी. ए. सॉपिट यांचें १८८५ सालीं शिलाँग येथें प्रसिद्ध झालेलें छोटें पुस्तक अग्रगण्य आहे. त्याच्या मथळ्यांतच ‘कच्चा नागा (एम्पेओ)’ असें नांव आहे. ग्रंथ उपयुक्त आहे. त्यांत व्याकरणाची रूपरेषा, शब्दसंग्रह व वाक्यें दिलेलीं आहेत, आणि एवढ्या जुन्या काळचें असें दुसरें साधन नाहीं. परंतु ‘कच्चा नागा’ हें नांव त्या लोकांचें नव्हे. तें अंगामींच्या भाषेंतील एका शब्दापासून आलें कीं ‘काचार’ या प्रदेशनामापासून, याविषयीं मतभेद आहे. कसेंही असो, इंग्रजी दप्तरांत त्याचें जें रूप रूढ झालें तें हिंदुस्थानी ‘कच्चा’ शब्दाशीं जुळणारें होतें. आणि ज्यास हिंदुस्थानी येतें त्या प्रत्येकाच्या मनांत ‘अंगामी ते पक्के आणि हे कच्चे’ असा अर्थ उभा राहणें अपरिहार्य होतें. एका कारकुनी लेखनानें एका समाजास कमीपणा आणिला, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

तशीच गत ‘काबुई’ या नांवाची. हें मैतेईंनीं रोंगमै व इनपुई या दोघांस मिळून दिलेलें नांव. टी. सी. हॉडसन यांच्या १९११ च्या मणिपुरी नागा जमातींवरील ग्रंथांत तेंच वापरलें आहे. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या तिसऱ्या खंडाच्या दुसऱ्या भागांत (१९०३) एम्पेओ, काबुई इत्यादि भाषा ‘नागा-बोडो’ अशा एका मधल्या गटांत घातल्या आहेत. पुढील भाषाशास्त्रज्ञांनीं बोडोशीं असा विशेष संबंध न मानतां या भाषांचा तिबेटी-ब्रह्मी कुलांत स्वतंत्र गट केला. तथापि एक गोष्ट ग्रियर्सनांच्या पाहणींतही दिसून येते, ती ही कीं ज्यांस सरकारी कागदांत ‘कच्चा नागा’ व ‘काबुई’ असे दोन वेगळे लोक म्हणून दाखविलें, त्यांच्या भाषा एकमेकींच्या जवळच्या बहिणी आहेत. दप्तरानें ज्यांस तोडलें त्यांस शब्दसंग्रहानें जोडलें.

दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. नागा जमातींवर अधिकाऱ्यांनीं लिहिलेली जी प्रख्यात ग्रंथमाला, तींत हटन यांचे अंगामी व सेमा यांवरील ग्रंथ (१९२१), मिल्स यांचे ल्होता (१९२२), आओ (१९२६) व रेंगमा (१९३७) यांवरील ग्रंथ आहेत. झेमे, लियांगमै, रोंगमै यांवर तसा स्वतंत्र ग्रंथ मात्र नाहीं. आमच्या मतें याचें कारण हे लोक अल्पसंख्य किंवा अप्रसिद्ध होते हें नव्हे. हे लोक नागा हिल्स जिल्हा, उत्तर काचार व मणिपूर संस्थान अशा तीन अंमलांत विभागले होते. प्रत्येक अधिकाऱ्यास आपल्या हद्दींतील तुकडा तेवढा दिसे, आणि तुकड्यावर ग्रंथ होत नाहीं.

(५)

या उणीवेची अंशतः भरपाई अर्सुला ग्रॅहम बोवर या बाईंच्या ‘नागा पाथ’ (१९५०) या ग्रंथानें केली आहे. त्या अधिकारी नव्हत्या. १९३७ सालीं त्या प्रथम मणिपुरांत आल्या व १९४० पासून उत्तर काचारांतील लाइसोंग या गांवीं झेमे लोकांत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्य जवळ आलें तेव्हां झेमे टेहळ्यांचें पथक त्यांनीं चालविलें. ग्रंथ आठवणींच्या स्वरूपाचा असल्यामुळें त्यांत लेखिका स्वतः फार वेळां पुढें येते, आणि तिचें सरकारशीं असलेलें नातें वाचकानें विसरूं नये. हे दोष मान्य करूनही या ग्रंथानें व त्यापूर्वींच्या १९४६ सालच्या तिच्या निबंधानें एक गोष्ट अशी प्रकाशांत आणिली आहे कीं तिच्यापुढें शंभर व्युत्पत्ति फिक्या पडाव्या.

ती गोष्ट म्हणजे झेमेंची चक्राकार स्थलांतराची रीत. झेमे गांव एका जागीं कायमचें नसे. आसपासचीं शेतें कसून कस उतरला म्हणजे सारें गांव उठून आपल्या दुसऱ्या ठरलेल्या जागीं जाई; आणि जुन्या जागेवर पुन्हा रान माजून जमीन ताजी झाली म्हणजे कांहीं वर्षांनीं परत येई. सोडलेली जागा ही टाकलेली जागा नव्हती. ती त्या गांवाचीच विश्रांति घेणारी जमीन होती. इंग्रज अधिकाऱ्यांस मात्र तेथें घर दिसलें नाहीं, माणूस दिसला नाहीं, कागद तर नव्हताच. तेव्हां ती बेवारशी ठरली व तेथें कुकी लोकांस वसूं दिलें. चक्राचा एक आरा मोडला. गांवांस त्याच त्या जमिनी पुनः पुनः कसाव्या लागल्या आणि उपासमार वाढली. या प्रसंगीं कुकींस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांस सरकारनें दाखविली ती जागा त्यांनीं घेतली. दोष कागदावर नाहीं म्हणून हक्क नाहीं या समजुतीचा आहे.

आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आपण सर्व कागदांचे उपासक. सनद, महजर, वतनपत्र, कुळकर्ण्याचें दप्तर यांतून हक्क सिद्ध करणें हा आपला व्यवसाय. ज्याची सनद नाहीं त्याचा हक्क खोटा असें आपणही नकळत मानितों. झेमेंच्या गांवाची सनद ही पिढ्यानपिढ्या पाळलेली फेरी होती. ती वाचतां आली नाहीं म्हणून ती नव्हती असें नाहीं. मोडी न जाणणाऱ्यापुढें पेशवे दप्तराचा रुमाल ठेविला तर त्यास रेघोट्याच दिसतील. दोष रुमालाचा नव्हे.

(६)

या पार्श्वभूमीवर हाइपो जादोनांग व गाइदिन्ल्यू यांच्या चळवळीकडे पाहिलें पाहिजे. जादोनांग हा रोंगमै. त्याचा जन्म १९०५ च्या सुमारास पुइलुआन गांवीं झाला. त्यानें जुन्या आचारांतील जाचक निषेध कमी केले, देवळें उभारलीं, आणि ‘नागांचें राज्य’ येईल असें सांगून लोकांस एकत्र केलें. १९३१ च्या फेब्रुवारींत त्यास काचारांत पकडण्यांत आलें. मणिपुरी व्यापाऱ्यांच्या खुनाच्या आरोपावरून त्याजवर खटला झाला आणि २९ ऑगस्ट १९३१ रोजीं इंफाळ येथें त्यास फांशी देण्यांत आलें. चार व्यापारी मारले गेले ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनीं झांकूं नये, आणि त्याच्या चळवळीचें कारण एवढेंच होतें असें त्याच्या टीकाकारांनीं म्हणूं नये. त्याची शिष्या गाइदिन्ल्यू ही तेव्हां अवघी सोळा वर्षांची. तिनें चळवळ पुढें चालविली. १७ ऑक्टोबर १९३२ रोजीं पुलोमी गांवीं ती पकडली गेली व तिला जन्मठेप झाली. १९३७ सालच्या आसामच्या दौऱ्यांत पंडित नेहरूंस तिची हकीकत कळली. त्यांनीं तिला ‘राणी’ म्हटलें. तिची सुटका १९४७ सालीं झाली. १९८२ सालीं तिला पद्मभूषण मिळालें व १७ फेब्रुवारी १९९३ रोजीं ती निवर्तली.

या चळवळीच्या दैवतांविषयीं एक सावधगिरी सुचवितों. जादोनांग ज्या भुवन पहाडांतील गुहेच्या यात्रेस जाई, तेथील देवास ‘बिष्णू’ असें नांव आहे. त्याच पहाडावर हिंदूंचें शिवस्थानही असून शिवरात्रीस तेथें मेळा भरतो. हें वाचतांच संस्कृतज्ञाचें मन उसळी घेतें. परंतु रोंगमै परंपरेंत हा देव बंधुदेवांपैकीं एक आहे, आणि तिंगकाओ राग्वांग हा सर्वश्रेष्ठ देव त्याहून निराळा. नांव शेजाऱ्यांकडून आलें असेल, कल्पनाही कांहीं आली असेल. तथापि नांव सारखें म्हणून देव तोच, हा न्याय आपण आपल्या घरांतही लावीत नाहीं. पुढें याच प्रवाहांतून ‘हेराका’ हा संघटित धर्मपंथ झाला. आर्कोटोंग लोंगकुमेर यांच्या २०१० च्या ग्रंथांत या पंथाचें जें विवेचन आहे त्यांतून एवढें स्पष्ट होतें कीं, हेराकाचे अनुयायी, ख्रिस्ती झालेले त्यांचे भाऊबंद व त्यांस हिंदु समजणारे बाहेरचे लोक, हे तिघेही एकाच इतिहासावर आपापला हक्क सांगत आहेत. संशोधकानें यांपैकीं कोणाचा वकील होऊं नये.

(७)

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या इतिहासांतील एक प्रकरण विशेष विचारांत घेण्याजोगें आहे. गाइदिन्ल्यूच्या वह्या इंग्रज अंमलदारांनीं जप्त केल्या व त्या ऑक्सफर्ड येथील पिट रिव्हर्स संग्रहालयांत गेल्या. त्यांत ओळीनें लिहिलेलीं चिन्हें आहेत. तीं रोमन नव्हेत, बंगाली नव्हेत, मैतेईही नव्हेत. आजपर्यंत त्यांचें सर्वमान्य वाचन झालेलें नाहीं. तिचे अनुयायी या लेखनास दैवी वाणी मानितात. लोंगकुमेर यांनीं २०१६ सालीं एका निबंधांत या वह्यांचा विचार केला आहे. चिन्हांचा उलगडा करण्यापेक्षां असें लेखन त्या लोकांच्या दृष्टीनें काय आहे, हा प्रश्न त्यांनीं पुढें ठेविला, तो योग्यच होय.

आमच्या मतें अशा वह्यांविषयीं तीन नियम पाळावे. पहिला, ओढूनताणून वाचन करूं नये. ज्यास ब्राह्मी येते त्यास सर्वत्र ब्राह्मीच दिसते, हा अनुभव नवा नाहीं. दुसरा, वाचन झालें नाहीं म्हणून त्यांस निरर्थक म्हणूं नये. ज्या समाजास दप्तरानें सतत परक्या नांवांनीं लिहिलें, त्या समाजांतील एक अशिक्षित मुलगी स्वतःची वही लिहूं लागते, हीच गोष्ट ऐतिहासिक दृष्ट्या अर्थपूर्ण आहे. तिसरा, वही कोणाकडून, कोणत्या प्रसंगीं, दिलेली कीं घेतलेली, हें वहीइतक्याच काळजीनें नोंदवावें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या संग्रहांत असे रुमाल असतील कीं ते कोणत्या वाड्यांतून कसे आले याची नोंद मालकानें मुद्दाम ठेविली नाहीं. त्या मौनाचा हिशेब पुढील पिढी मागेल.

(८)

शेवटीं त्या समाजांतील विद्वानांच्या लेखनाकडे वळूं. त्याची परीक्षाही तितक्याच कसोशीनें झाली पाहिजे, नाहीं तर आदर ही केवळ भीड ठरेल. प्रो. गांगमुमै कामै यांचा ‘मखेलपासून राणी गाइदिन्ल्यूपर्यंत’ असा पल्ला असलेला झेलियांगरोंग नागांचा इतिहास (२००४) हा या विषयांतील मुख्य ग्रंथ होय. मखेल येथून निघून मकुइलोंगदी या ठिकाणीं हे लोक एकत्र नांदले आणि तेथून पांगून त्यांच्या शाखा झाल्या, ही मौखिक परंपरा त्यांनीं भाषा व कुलव्यवस्था यांच्याशीं ताडून पाहिली आहे. ग्रंथकाराचें स्वतःचें नांवही एक प्रमाणच आहे. त्यांचे पूर्वींचे ग्रंथ ‘गांगमुमै काबुई’ या नांवानें प्रसिद्ध झाले. पुढें त्यांनीं परकीयांनीं दिलेलें जातिनाम सोडून ‘कामै’ हें आपलें कुलनाम धारण केलें. एका मुखपृष्ठापासून दुसऱ्यापर्यंत सारा प्रस्तुत विषय येऊन गेला.

तरीही एक आक्षेप नोंदविणें प्राप्त आहे. ‘झेलियांगरोंग’ हें नांव १९४७ सालीं इंफाळ येथें या शाखांच्या एकीकरणाच्या प्रसंगीं पुढें आलें. तें पूर्वकालावर लादून ‘प्राचीन झेलियांगरोंग’ असे शब्द वापरले जातात, तेव्हां तोच दोष घडतो जो आम्ही पौराणिकांच्या माथीं मारला. मकुइलोंगदीची आठवण प्राचीन असेल. नांव प्राचीन नाहीं. नांव नवें म्हणून एकी खोटी, असेंही नव्हे. ‘मराठे’ या शब्दाचा अर्थ चौदाव्या शतकांत जो होता तोच अठराव्यांत नव्हता, हें आपण जाणतों, आणि त्यामुळें मराठ्यांचें अस्तित्व कोणी नाकारीत नाहीं. इनपुई यांनीं आपलें वेगळेंपण राखण्याचा जो आग्रह धरिला तोही इतिहासाचाच भाग समजावा.

सरकारी यादीचा शेवटचा पालट या दृष्टीनें बोधप्रद आहे. मणिपुरच्या अनुसूचित जमातींच्या यादींत ‘काबुई’ व ‘कच्चा नागा’ हींच नांवें दीर्घ काळ चालत आलीं. २०१२ च्या आरंभीं संमत झालेल्या दुरुस्तीच्या कायद्यानें ‘काबुई’च्या जोडीस ‘इनपुई’ व ‘रोंगमै’, आणि ‘कच्चा नागा’च्या जोडीस ‘लियांगमै’ व ‘झेमे’ हीं नांवें घालण्यांत आलीं. जुनें नांव गेलें नाहीं, तथापि स्वतःचें नांव शेजारीं येऊन बसलें. सॉपिट यांच्या मथळ्यापासून येथवर येण्यास १२७ वर्षें लागलीं.

(९)

सारांश असा. ‘नागा’ शब्दाची व्युत्पत्ति अनिर्णीत आहे, आणि ती निर्णीत झाली तरी या लोकांची ओळख तिनें ठरणार नाहीं. महाभारताचा आधार पाठशुद्धीनें निराधार झाला आहे. इंग्रजी दप्तरानें दिलेलीं नांवें त्या दप्तराच्या सोयीचीं होतीं. या समाजाची ओळख पटविणारीं प्रमाणें चार : त्यांचीं स्वतःचीं नांवें, त्यांच्या जवळच्या भाषा, जमिनीशीं असलेलें त्यांचें फिरतें पण अखंड नातें, आणि एकत्र येण्याचा त्यांनीं स्वतः वारंवार केलेला निश्चय. यांपैकीं एकही प्रमाण आमच्या संस्कृत कोशांत नाहीं.

उलूपीचें आख्यान सुंदर आहे व तें शिकवीत राहावें. छडी मात्र गंगाद्वाराकडे दाखवावी. आमच्याकडून जे विद्यार्थी चुकीचें शिकून गेले, त्यांपैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडला तर त्यानें ही दुरुस्ती आपल्या मुलांस सांगावी, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.